गोखरू मेंढ्यांनी नाही आणलं साहेब, आपणच ट्रॉल्या भरभरून आणलंय

प्रति,
तलावातला गाळ न्यायला परवानगी देणारे साहेब, आमचे सरपंच, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या ठरावाला हात वर करणारे सगळे गावकरी,

रामराम. गावाचं अन् तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना काही फरक पडत नाही, कारण साक्रीपासून रावेरपर्यंत खान्देशात कुठल्याही लहान तलावावर उन्हाळ्यात जा, काठाने ती तपकिरी वाळलेली झुडपं उभी दिसतीलच आणि त्यांच्यातून दहा पावलं चाललात की पॅन्टला गुडघ्यापर्यंत गोखरूची काटेरी फळं चिकटलेली. सगळीकडे सेम स्टोरी आहे.

तर ठराव असा झाला की यंदापासून ठेलारींच्या, म्हणजे कळप घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांच्या, मेंढ्या आपल्या शिवारात कोणी बसवायच्या नाहीत, जो बसवेल त्याला दंड, कारण मेंढ्यांच्या अंगाला चिकटून गोखरू येतं आणि मग ते सगळ्यांच्या कपाशीत घुसतं. टाळ्या पण वाजल्या. मी मागच्या लाईनीत बसलेलो, हातात चहाचा कप, आणि खरं सांगतो, मी पण गप्प बसलो. शेजारी तात्या बसला होता तो कानात म्हणे, "आप्पा, हाई सगळं मेंढ्यास्नं काम शे." मी मान हलवली. अर्धं मला पण तसंच वाटत होतं. पण घरी आल्यावर काही केल्या झोप येईना कारण माझ्याच दोन वावरांचा हिशेब त्या ठरावाशी जुळत नव्हता.

हिशेब असा. माझं वरचं वावर मुरमाड, हलकं. तिथं चार वर्षं झाली दर उन्हाळ्यात मी एकाच ठेलारी दादाच्या मेंढ्या बसवतो, आठ-दहा रात्री, लेंडी-मुताने जमीन जी बनते ती कुठल्या पोत्यातल्या खताने बनत नाही. तिथं गाळ कधीच टाकला नाही, कारण चढावर ट्रॉलीच चढत नाही. आणि खालचं वावर नाल्याकडचं, तिथं आजवर एक मेंढी बसवलेली नाही, पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तलावातला गाळ टाकला, चाळीस ट्रॉल्या. आता ठरावाप्रमाणे गोखरू वरच्या वावरात पाहिजे ना? वरती बांधाकडेला जिथं दादाच्या मेंढ्यांचा वाडा होता तिथं दहा-बारा झाडं निघाली, खोटं कशाला बोलू, निघाली, पण ती मी एका सकाळी उपटून मोकळा झालो. खालच्या वावरात मात्र निंदणीला बाया यायला तयार नाहीत, आल्या तर रोज वाढवून मागतात आणि त्यांचं पण चुकत नाही, लुगड्याचा काष्टा गोखरूने भरून जातो, संध्याकाळी घरी जाऊन तासभर ते सोडवत बसायचं, त्याचे पैसे कोण देतं.

मग मी काय केलं, खालच्या वावराच्या बांधावर त्या गाळाचा एक ढीग उरलेला आहे, दोन वर्षं तसाच पडून. त्यातलं एक घमेलं भरलं आणि वाळू चाळायच्या चाळणीवर टाकलं. पाण्याने हळूहळू धुतलं. एका घमेल्यात १९ गोखरू निघाले! काळे पडलेले, काट्यांची टोकं झिजलेली, पण दाबून बघितले तर लाकडासारखे टणक. एक ट्रॉली म्हणजे किती घमेली होतात ते तुम्हीच मोजा, मी मोजायला बसलो आणि मधेच सोडून दिलं, पोटात गोळा आला. ते १९ एका जुन्या टपात ओल्या मातीत टाकले, आठव्या-नवव्या दिवशी सहा कोंब वर. दोन वर्षांनी, साहेब!

यावर एक जण म्हणाला की गाळात गोखरू आलंच कसं, मेंढ्या तलावावर पाणी प्यायला जातात तेव्हाच पडलं असणार. म्हणजे फिरून गाडी मेंढ्यांवरच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते हेच.

गोखरू तलावात येतं पाण्यावरून. विश्वास बसत नसेल तर घरच्या टाकीत चार सुके गोखरू टाकून बघा, बुडत नाहीत. मी टाकले होते, पंधरा दिवस झाले तरी वरच होते, शेवटी आईने ओरडून काढायला लावले. आतून पोकळ, हलकं, वरून चिवट साल, ती काय लवकर भिजत नाही. पावसाळ्यात नाल्याच्या काठावरचं, रस्त्याच्या कडेचं, बांधावरचं जेवढं म्हणून गोखरू आहे ते पहिल्या मोठ्या पुरात उचललं जातं आणि वाहत वाहत तलावात. तिथं वाऱ्याच्या लाटांनी सगळं एका बाजूला ढकललं जातं. आत्ता तलावावर जाऊन पाण्याच्या कडेची रेषा बघा, काटक्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, आणि त्यात गोखरूची नुसती माळ लागलेली. पाणी उतरलं की ती माळ तिथंच चिखलात रुतते, ओल असतेच, उगवते, वाढते, दुसरं काही नसल्यामुळे माणसाच्या छातीएवढी होते आणि परत तिथंच हजारो गोखरू टाकते. म्हणजे तलाव ही गोखरूची नर्सरी आहे आपली, अन् आपण दर मे महिन्यात त्या नर्सरीतून होम डिलिव्हरी करतो.

आता मी गाळाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका, प्लीज. २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना चालू आहे, तलाव खोल होतात, पाणी वाढतं, आणि माझं ते खालचं वावर खरंच सुधारलंय, कपाशीचं झाड खांद्याला लागतं. पण गाळ कुठला अन् कसा उचलला त्यावर सगळं आहे. आमच्या वेळी काय झालं, मशीन आलं, रांग लागली, जो तो म्हणतोय माझी ट्रॉली आधी भर. आणि जवळची जागा कुठली, तर काठ. काठावर रस्ता आहे, ट्रॉली फसत नाही, म्हणून मशीनवाल्याने काठच ओरबाडला, ती वाळलेली गोखरूची झुडपं मुळासकट बकेटमध्ये घेतली आणि ट्रॉलीत. मी त्याला म्हणालो भाऊ वरचा थर बाजूला कर ना, तो म्हणे काका, तासाचं मीटर चालू आहे, बोला, भरू का पुढच्याची? मी म्हणालो भर. साहेब, तुमचा एक माणूस तिथं छत्री लावून बसला होता, तो ट्रॉल्या मोजत होता, ट्रॉलीत काय चाललंय ते बघायचं त्याचं काम नव्हतं म्हणे. शेवटच्या दोन दिवसांत मशीन आतमध्ये गेलं तेव्हा वीतभर खाली जो गाळ लागला तो लोण्यासारखा, काळा, त्यात एक काडी पण नव्हती. तो गाळ ज्यांना मिळाला त्यांच्या वावरात आज गोखरू बघा आणि आमच्यात बघा.

बरं, आता या गोखरूची ओळख नीट करून देतो कारण नावाचा मोठा घोळ आहे. आपण ज्याला गोखरू म्हणतो, ते उंच वाढणारं, खरखरीत रुंद पानांचं, ज्याची फळं मोठ्या शेंगदाण्याएवढी अन् सगळीकडून आकडेवाले काटे, त्याला पुस्तकात शंकेश्वर म्हणतात, शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमॅरियम. आणि आयुर्वेदातलं गोखरू, दशमुळातलं गोक्षुर, ते वेगळं, ते म्हणजे आपला सराटा, जमिनीवर पसरलेला, पिवळ्या फुलांचा, ज्याच्यामुळे पोरांच्या सायकली शाळेत जायच्या आधीच पंक्चर होतात. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची ठेवणच अशी की कसा पण पडला तरी एक काटा वर. चपलेत घुसतो, टायरमध्ये घुसतो, तिथून पुढच्या गावाला जातो. तिकडे अमेरिकेत पण सायकलवाले याच्यामुळे रडतात, त्यांनी १९६१ मध्ये सराटा खाणारे दोन जातीचे भुंगेरे बाहेरून आणून सोडले, त्यातला एक बी खातो, दुसरा देठ पोखरतो.

ही दोन गोखरं वेगळी आहेत हे सांगायचं कारण म्हणजे आमच्याच गल्लीत एक जण मुतखड्यावर काढा करायला म्हणून हे मोठं गोखरू पिशवीभर गोळा करत होता. मी हातातून पिशवी घेतली. शंकेश्वराच्या बीमध्ये आणि नुकत्याच उगवलेल्या दोन पानांच्या कोंबात विष असतं, लिव्हर जातं, रक्तातली साखर एकदम खाली येते. बांगलादेशात सिल्हेट भागात २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गरिबांनी याचे कोंब भाजी म्हणून खाल्ले, घागरा शाक म्हणतात तिकडे, ७६ माणसं आजारी पडली, १९ गेली. पूर आलेला, धान्य महाग, खायला दुसरं काही नाही म्हणून खाल्लेलं.

आणि आपल्याकडे हेच जनावरांचं होतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तलावाच्या पोटात सगळ्यात आधी हिरवं काय दिसतं? तेच दोन जाड लांबट पानं. उन्हाळाभर वाळका कडबा खाल्लेलं वासरू त्यावर तुटून पडतं. झाड मोठं झाल्यावर जनावर त्याला तोंड पण लावत नाही, खरखरीत लागतं, पण ते सुरुवातीचे आठ-दहा दिवस वाईट. हे मला कोणी सांगितलं माहितीये का? त्याच ठेलारी दादाने, ज्याला तुम्ही गावबंदी केली. तो म्हणतो आम्ही त्या दिवसांत कळप तलावात उतरूच देत नाही, पाणी पाजायचं असेल तर दगडी सांडव्याच्या बाजूने नेतो. त्याला झँथियम माहीत नाही, पण त्याला कोंब ओळखता येतो, आणि आपल्या गावात किती जणांना ओळखता येतो ते आपण ग्रामसभेत विचारूया एकदा.

त्याला मी सरळ विचारलं होतं की दादा, मेंढ्यांनी गोखरू येतं का? तो हसला. म्हणे येतं की, पण आमच्या लोकरीत अडकलेलं गोखरू कातरणी लागेपर्यंत सुटत नाही भाऊ, सुटलं असतं तर आम्हाला पाहिजेच होतं, गोखरूने भरलेली लोकर फुकट दिली तरी कोणी घेत नाही. गोखरू सगळ्यात जास्त नको असलेला माणूस तोच आहे या सगळ्या भागात. हां, थोडं पडतंच, माझ्या वरच्या वावरात दहा-बारा झाडं आली म्हणालो ना मी. पण मेंढीच्या अंगावरून चिमूटभर येतं आणि आपल्या ट्रॉलीतून खंडीभर, आणि दंड मेंढीला.

आता ते चिकटतं कसं ते जवळून बघा एकदा, बघण्यासारखं आहे. मी आईचा अडकित्ता घेऊन ओट्यावर बसलो होतो, सून म्हणे बाबा सुपारी सोडून हे काय. काटा भिंगातून बघितला की सरळ नाही, टोकाला वळलेला, मासे धरायच्या गळासारखा. पुढच्या तोंडाला दोन जाड शिंगं. कापडाच्या धाग्यात, केसात गळ अडकतो आणि ओढलं की अजून पक्का बसतो. (ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना की कुत्र्याच्या केसात अडकलेल्या काटेफळावरून पोरांच्या बुटाची चरचर पट्टी सुचली, ते खरंय, स्वित्झर्लंडचा इंजिनियर, जॉर्ज द मेस्ट्राल, १९४१ ची गोष्ट, १९५५ ला पेटंट, पण ते फळ वेगळ्या झाडाचं होतं, बर्डॉकचं, आपल्या गोखरूचं नाही. गळ तसाच.) अडकित्त्याने उभं फोडायला दोनदा जोर लावावा लागला, पण आत बघा, दोन खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक एक बी, लांबट, चपटं, सूर्यफुलाच्या बीच्या जवळपास, कारण खानदानच ते सूर्यफुलाचं. दोन्ही सारखे नाहीत. एक जरा थोरला, एक धाकटा. थोरला पहिल्या पावसाला उगवतो. धाकटा झोपून राहतो, पुढच्या वर्षी उठतो, कधी त्याच्या पण पुढच्या.

हे कळलं आणि माझ्या डोक्यातला एक जुना प्रश्न सुटला. मागच्या वर्षी मी खालचं वावर अक्षरशः हाताने निंदून काढलं होतं, एक झाड गोखरूवर येऊ दिलं नव्हतं, तरी यंदा परत हिरवंगार कसं? धाकट्यांची पाळी होती. म्हणजे आपण कपाळाला हात लावून म्हणतो की एवढं करून पण काही फायदा नाही, आणि नेमकं त्याच वर्षी निंदणी सोडून देतो, ज्या वर्षी सोडायला नको.

फवारणीचं पण सांगून टाकतो कारण ग्रामसभेत एकाने टू फोर डी हे तणनाशक मारा असं सुचवलं. मारा, गोखरू मरतं त्याने, पण शेजारी कपाशी आहे ना? वाऱ्याने जरा तुषार उडाले तरी कपाशीची पानं भेंडीसारखी चिरलेली, आखडलेली होतात, पात्या गळतात, त्याच पंपाने नंतर कपाशीवर दुसरं औषध मारलं तरी होतं, आणि मग दोन शेजाऱ्यांची भांडणं तहसीलपर्यंत. जळगाव-धुळ्याच्या कपाशीपट्ट्यात हे ज्याने भोगलंय त्याला विचारा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच गोखरूच्या एका भाऊबंदाने लोकरवाल्यांना फार छळलं, तिकडे अमेरिकेतून आलेल्या सरकीबरोबर ते पोचलं असं मानतात, शेवटी १९७५ च्या सुमारास त्याच्या पानावर तांबेरा पाडणारी बुरशी तिकडे दिसली आणि काही भागात तिने बऱ्यापैकी काम केलं. तशी काही आपोआप येईल म्हणून आपण वाट बघत बसायचं असेल तर बसा, मी नाही बसणार.

कारण सोपा उपाय आहे, फक्त वेळ गाठायची आहे. गोखरू हे तारखेने चालणारं झाड आहे. रात्र मोठी व्हायला लागली की ते फुलावर येतं, मग ते छातीएवढं असो की वीतभर. १९३८ साली शिकागोत हॅमनर आणि बॉनर या दोन शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले, त्यांच्याकडच्या झाडाला एकच लांब रात्र दिली तरी ते फुलायचं, आणि त्या रात्रीच्या मधे थोडा वेळ दिवा लावला तर फुलायचं नाही. म्हणजे ते दिवस नाही, अंधार मोजतं. आपल्याकडे मी बघतोय, काठावरचं पोळ्याच्या आसपास फुलावर येतं, गणपती उठले की हिरवे गोखरू धरतात, दसऱ्यापर्यंत पक्के होतात. आणि आपण तलावाची साफसफाई कधी करतो, साहेब? दिवाळीनंतर, निधी आल्यावर. तेव्हा झाड वाळलेलं असतं, विळा लावला की सगळे गोखरू खाली झडतात, म्हणजे साफसफाई कसली, पेरणीच ती. मागच्या वर्षीच्या त्या कामाचा फोटो मी बघितला, बॅनरसकट, मागे झडलेल्या गोखरूचा सडा चक्क दिसतोय.

काठावरचं आत्ता, भाद्रपदात कापायचं, फूल दिसलं की लगेच. आत्ता कापलेलं तिथंच टाकलं तरी चालतं, पण हिरवे गोखरू धरलेले असतील तर बाहेर ढीग करून वाळवून जाळायचं, कारण अर्धवट हिरवं पण पक्कं होऊन उगवू शकतं, त्याचा भरवसा नाही. उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका, मग शेणखतातून परत वावरात. पाणी जसं मागे हटेल तसं खाली नवीन उगवेल, त्याच्यावर डिसेंबर-जानेवारीत दुसरा हात फिरवावा लागेल, एकदा करून फोटो काढून चालणार नाही. रोजगार हमीत बसतं का बघा, नाही बसलं तर आम्ही आमचे विळे घेऊन येतो, फक्त तलावात उतरायची परवानगी वेळेत द्या, तीन महिने फाईल फिरवू नका. आणि मे महिन्यात मशीन येईल तेव्हा काठाचा वीतभर थर आधी खरवडून सांडव्याच्या खाली नाही, नाहीतर परत वाहून कोणाच्या तरी वावरात, तर बांधाच्या भरावात खोल गाडा. खोल गाडलेलं उगवत नाही. मग जो गाळ निघेल तो वाटा. तुमच्या त्या छत्रीवाल्या माणसाला ट्रॉली मोजताना ट्रॉलीत पण बघायला सांगा एवढंच.

आपल्या जुन्या लोकांना हे येत होतं हो. पांझरा, मोसम या नद्यांवर पाणी वाटून घ्यायची फड पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे, बंधारा गावाचा, पाट गावाचा, पाटकरी गावाने नेमलेला, आणि हंगामाच्या आधी सगळे फडकरी मिळून पाट साफ करायचे, गाळ पण अन् गवत पण. त्यात कोणाचं वावर वर, कोणाचं खाली, हा प्रश्न नव्हता, कारण वरच्याच्या पाटातलं बी खालच्याच्या वावरात उतरणार हे सगळ्यांना दिसत होतं. आता पाट सरकारचा, तलाव सरकारचा, आणि गोखरू फक्त माझं.

एक मात्र मान्य करतो, बाहेरून येणारं काही अगदीच नसतं असं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला दत्त जयंतीच्या वेळी जाऊन बघा, तापीच्या काठावर घोडे बांधलेले, आणि मालक सकाळी सकाळी खोबरेल तेल लावून शेपटातले गोखरू काढत बसलेले असतात. कुठून कुठून आलेले घोडे. मी एकाला विचारलं, कुठलं आहे हे गोखरू? तो म्हणे घोडा राजस्थानचा, गोखरू इथलं, काल संध्याकाळी नदीकाठाला चरायला सोडला होता. म्हणजे तिथं पण आपलंच. आता तो घोडा विकला जाऊन कुठे जाईल आणि तिकडची ग्रामसभा कोणावर ठराव करेल, देव जाणे.

सरपंच भाऊ, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला पण लोकांनी घेरलं होतं, कापूस वेचणीला आला की गोखरू दिसतंच, व्यापारी मूठभर कापूस उचलतो, त्यात एक गोखरू दिसलं की कचरा आहे म्हणत भाव पाडतो, त्याचा राग कुठे तरी निघणारच. आणि ठेलारी ग्रामसभेचे मतदार नाहीत, त्यांच्यावर निघाला. पण ठराव मागे घ्यायला ग्रामसभाच लागते ना, तर २ ऑक्टोबरची आहे. विषय पत्रिकेत घ्या, मी चाळणी घेऊन येतो, घमेलं पण आणतो, गाळाचा ढीग अजून अर्धा शिल्लक आहे. तात्याला पण सांगितलंय, तो म्हणे येतो पण बोलणार नाही.

साहेब, तुम्ही पण या. सकाळी आठला तलावावर आधी एक चक्कर मारू, मग ग्रामसभेत बसू. टेरिकॉटची पॅन्ट घातली तर बरं, तिला जरा कमी चिकटतं, लोकरीचे मोजे नकोत.

ठेलारी दादाचा परवा फोन येऊन गेला. कोणीतरी त्याला ठरावाचं सांगितलं असणार, पण त्याने तो विषय काढलाच नाही, इकडचं तिकडचं बोलला, पाऊस कसा आहे, आईची तब्येत कशी आहे, आणि शेवटी ठेवता ठेवता म्हणाला, भाऊ, उन्हाळ्यात वरच्या वावरात येऊ ना? मी म्हणालो, २ ऑक्टोबरनंतर सांगतो.

आपला,
खालच्या वावरवाला आप्पा